सरांची मोडायची राहिलेली उपमा

आयसीयूमध्ये माझ्या नवऱ्याने शेवटची काळजी केली ती दोन बल्बची.
माझी नाही.

आज त्यांना, म्हणजे विलास सरांना, जाऊन वर्ष झालं. इतके दिवस काही लिहिलं नाही, कारण लिहायला बसलं की राग यायचा. आज राग जरा कमी आहे.

राजारामपुरीतल्या आमच्या क्लासला जे आले त्यांना सरांची फिजिक्स शिकवायची पद्धत माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

सर कुठलाही धडा उपमेने सुरू करायचे. पोरांच्या घरातली, रानातली उपमा. ती डोक्यात चांगली बसू द्यायची आणि पुढच्या तासाला ती कुठं चुकते ते दाखवून आपल्याच हाताने मोडायची.

मी शाळेत मराठी शिकवते. उपमा म्हणजे माझा जीव की प्राण. आणि हा माणूस रोज जेवताना तिच्यावर घसरायचा.

"तुझी उपमा मार्क मिळवून देती. माझी पोरांच्या डोक्यात घर करती आन् मग निघता निघत न्हाय. म्हणून मोडायला लागती."

"मग देताच कशाला?"

"दिल्याबिगर त्यांच्या डोक्यात काय हाय ते कळत न्हाय की!"

मी त्यांच्या ताटात आणखी भात वाढायचे.

त्या शनिवारी विजेचा धडा होता. सरांनी सांगितलं, तारेतून करंट जातो तो पाटाच्या पाण्यासारखा. मग विचारलं, एकाच तारेवर एकापुढे एक असे दोन सारखे बल्ब लावले, तर जास्त उजेड कुणाचा?

वर्गात निम्मी पोरं शेतकऱ्यांची. भराभर हात वर.

"पहिल्याचा, सर! पाटाच्या तोंडाला ज्याचं रान, त्येला पाणी जास्त. शेवटच्याला नुसता चिखल!"

ज्याने उसाला पाणी पाजलंय, तोच असं चुकणार. सरांनी मुद्दाम काही सांगितलं नाही. सोमवारी खरे बल्ब लावून दाखवणार होते. घरी आले ते लग्नाची बातमी आणल्यासारखे खूश.

"अगं, काय सुंदर चुकलीत सगळी!"

रविवारी सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं.

संध्याकाळी मला जरा वेळ आत सोडलं. नाकाला नळी, अंगभर वायरी. मी म्हटलं, "अहो, कसं वाटतंय?"

"पोरं पाट घेऊन बसल्यात गं."

"पाट राहू दे. गप पडा बघू."

"अर्धंच सांगून आलोय मी. जन्मभर तेच खरं धरून चालतील."

मला रडू येत होतं आणि चीडही येत होती. बायको उशाशी उभी आहे आणि हे करंट घेऊन बसलेत. पण एकदा बोलून मोकळे झाले की शांत पडतील असं वाटलं. म्हटलं, "बरं, खरं काय आहे? मला सांगा."

"दोन्ही सारखेच पेटतात. बल्ब करंट पीत न्हाय. जेवढा आत जातो तेवढाच भाईर पडतो."

त्यांना धाप लागली. मी हात धरला.

"पण तू नुसतं सांगू नको त्यांना. आधी विचार. मग दाखव."

नर्सने मला बाहेर काढलं.

सोमवारी सकाळी सर गेले.

तेरावं झालं आणि मी क्लासला गेले. काही नातेवाइकांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

एलईडी आल्यापासून सर जुने पिवळे बल्ब जपून ठेवायचे. त्यातले दोन आणि होल्डर ठोकलेली फळी पिशवीत घालून नेली.

मला बघून पोरं उभी राहिली, ती बसेचनात.

मी विचारलं, "यातला कुठला जास्त पेटेल?"

कागलचा एक जण हळूच म्हणाला, "पहिला, मॅडम."

प्लग लावला. दोन्ही बल्ब मंद पेटले. अगदी सारखे.

तो बाकावरून उठून फळीजवळ आला. मग म्हणाला, "म्हंजे सरांनी आमाला चुकीचं सांगितलं व्हय?"

अर्धंच सांगून आल्याची हीच टोचणी घेऊन माझा माणूस गेला होता.

मी सांगितलं, हे सर स्वतः तुम्हाला दाखवणार होते. दवाखान्यात तुमचाच घोर लागला होता त्यांना. बल्ब करंट पीत नाही, रे.

आणि थांबले. पुढचं मला येत नव्हतं.

तेव्हा कबनूरची एक मुलगी उठली. तिच्या घरी यंत्रमाग आहेत.

"मॅडम, पाट न्हवं, पट्टा म्हणायला पायजे. मोटर सुरू झाली की मागाचा पट्टा सगळा एकदम फिरतो. पुढं जोरात आन् मागं हळू, असं कधी असतंय व्हय?"

"व्हय की!" अख्खा वर्ग एकदम.

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटलं. रिक्षात बसले तेव्हा मनात म्हणत होते, घरी गेल्यावर यांना विचारते, ही पट्ट्याची उपमा कुठं मोडते ते.

निम्म्या वाटेत आठवलं.

माझं रडणं ऐकून रिक्षावाल्याने रिक्षा कडेला घेतली. "काय झालं, वैनी?"

"माझा नवरा वारला," मी म्हटलं.

तेराव्यापर्यंत सगळं केलं होतं मी. हे वाक्य तेवढं तोंडातून निघालं नव्हतं.

अहो, तुमच्या पोरांच्या डोक्यातला पाट गेला. आता काळजी सोडा.

तुम्हाला माझा नमस्कार.