बिसाहिन मितानिनचं तिसरं बाळंतपण

कोसमडीहमध्ये कुणा सुनेची पाळी चुकली की तिच्या नवऱ्याआधी ते बिसाहिनला कळायचं. चौदा वर्षं ती गावाची मितानिन, म्हणजे आरोग्यसेविका होती. बायकांच्या आणि लेकरांच्या तब्येतीची चौकशी हे तिचं काम, आणि चौकशी करायची कशी, याबद्दल तिला जराही संकोच नव्हता. भर अंगणात उभी राहून ती विचारायची, "गोळी घेतलीस? जेवणानंतर ना? वर चहा नाही ना ढोसलास? शौचाला काळं होतंय? घाबरू नकोस, लोहाच्या गोळीनं होतं तसं." खाटेवर बसलेला सासरा बिचारा तोंड भिंतीकडे करून बसायचा.

तिचा सगळ्यात जास्त जाच झाला तो शेजारच्या फिरंतिनला. दोन्ही बाळंतपणांत बिसाहिननं तिला रोज समोर उभं राहून गोळी गिळायला लावली होती.

अशा या बिसाहिनची, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, पाळी चुकली. मुलगी सासरी नांदत होती, मुलगा टिकेश रायपूरला शिकत होता. 'सुटले एकदाची,' असं म्हणून तिनं दोन महिने आनंदात घालवले. तिसऱ्या महिन्यात बासीचा, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेल्या भाताचा वास नकोसा झाला, तेव्हा तिनं आपल्याच पेटीतली तपासणीची पट्टी काढली. दोन रेघा उमटल्या. पट्टी जुनी असेल म्हणून दुसरी घेतली. मग तिसरी.

नवरा मनराखन कांदा फोडून बासी खात बसला होता. ती म्हणाली, "ऐका हो, टिकेशचे बाबा. गरोदर बायकांच्या वहीत एक नवं नाव लिहायचंय."

"कुणाचं?"

"आपलंच."

"आपल्यापैकी कुणाचं?" असं विचारून त्यानं दोन घास खाल्ले आणि तिसरा हातातच राहिला.

आठ दिवस दोघं एकमेकांशी धड बोलले नाहीत. बोलले तेव्हा दोघांच्याही मनात एकच होतं: येतंय तर येऊ दे. फक्त गावाला सांगायचं कसं, तेवढं कुणालाच सुचेना. तो प्रश्न फिरंतिननं सोडवला. पाण्याच्या टाकीमागे ओकणाऱ्या बिसाहिनची पाठ चोळत तिनं विचारलं, "दीदी, कितवा?"

"पित्त झालंय गं."

"हो का? मलाही दोनदा झालं होतं असंच पित्त. आता एक शाळेत जातं, एक रांगतं."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बिसाहिनचे वाईट दिवस सुरू झाले. सकाळी फिरंतिन दारात. "दीदी, गोळी घेतलीस? चहाबरोबर नाही ना?" पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "दीदी, काळं होतंय ना?" मनराखन खाटेवरून उठून गोठ्यात जायचा.

"घेतली गं बायांनो, घेतली," बिसाहिन म्हणायची. एकदा फिरंतिन तांदूळ उसने न्यायला आली आणि कोठीमागे तिला गोळ्यांच्या चार अख्ख्या पाकिटांचा शोध लागला.

"दीदी!"

"अगं, पोट गच्च होतं त्यानं," बिसाहिन हळूच म्हणाली.

"मी हेच म्हणाले होते तेव्हा तू काय म्हणालीस? पाणी पी, भाजी खा, नखरे करू नकोस!"

त्या दिवसापासून बिसाहिन लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर मुकाट गोळी घेऊ लागली. छातीत जळजळ व्हायची, पोटऱ्यांत गोळे यायचे, कंबर धरायची. या सगळ्यावर ती आजवर इतरांना "होतं गं असं" एवढंच सांगत आली होती. आता तेच वाक्य दिवसातून दहादा ऐकून घेताना, त्यानं काहीच बरं वाटत नाही हे तिला कळलं. बरं वाटलं ते सुकवारो दाईमुळे. म्हातारी सुकवारो गावाची जुनी सुईण. बिसाहिननं घरची बाळंतपणं बंद करून तिला दवाखान्याच्या प्रशिक्षणाला ओढून नेलं, तेव्हापासून दोघींत विस्तव जात नव्हता. तरी म्हातारी आली, गुडघ्यांमध्ये उशी देऊन तिला डाव्या कुशीवर निजवलं, पोटऱ्या चोळल्या आणि जाताना म्हणाली, "थोडं थोडं खा, बहू. आणि जेवल्या जेवल्या आडवी होऊ नकोस. तुझ्या प्रशिक्षणाच्या वहीत नाही का लिहिलेलं?"

सधौरीचा, म्हणजे डोहाळजेवणाचा घाट बायकांनी सातव्यातच घातला होता. 'या वयात कसली सधौरी' असं म्हणत बिसाहिननं नववा लागेपर्यंत तो लांबवला. शेवटी एका दुपारी बायका पक्वान्नांची ताटं घेऊन घरातच घुसल्या. गाणी झाली. त्यांतली दोन मनराखनवर होती, म्हणून तो शेतावर निघून गेला. सुकवारोनं नव्या बांगड्या चढवायला बिसाहिनचा हात हातात घेतला आणि तशीच थांबली. जुन्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

"चेहरा वर कर, बहू. डोकं दुखतंय?"

"ऊन किती आहे, दाई."

"डोळ्यांपुढे काजवे?"

दोन दिवस बिसाहिनला काजवे दिसत होते. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं त्या बाईला तशीच उचलून नेली असती. स्वतःचं मात्र तिनं उन्हावर ढकललं होतं.

"पायाची सूज एक वेळ चालेल," सुकवारो म्हणाली, "हातातोंडावर आली तर क्षणभर थांबायचं नाही. हे मला कुणी शिकवलं गं? गाडी बोलवा!"

गाडी येईपर्यंत गावातल्याच उपकेंद्रातल्या सिस्टरनं रक्तदाब मोजला, लघवी तपासली आणि चेहरा गंभीर केला. दाब खूप चढला होता. आता जिल्ह्याच्या इस्पितळातच जायचं. गाडी यायला थोडा वेळ होता. तेवढ्यात फिरंतिननं विचारलं, "दीदी, तुझी पिशवी कुठाय?" बायकांनी आठव्यातच जुने धुतलेले कपडे, बाळाची दुपटी, कार्ड आणि फोन नंबर भरून ठेवावेत म्हणून गाव डोक्यावर घेणाऱ्या बिसाहिननं स्वतःची पिशवी भरलीच नव्हती. निरोप मिळताच शेतावरून आलेला मनराखन धावत घरी जाऊन ती भरून घेऊन आला. त्यात त्याचं दाढीचं सामान, एक बॅटरी आणि शेरभर मुरमुरे निघाले. कार्ड फिरंतिननं आणलं.

इस्पितळात झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि कळा सुरू करायचं औषध लावलं. बिसाहिन दर घटकेला विचारायची, "सिस्टर, दाब किती? नाडी लिहिली का?"

"मितानिन ना तुम्ही?" सिस्टर म्हणाली. "आज जरा पेशंट व्हा."

कळा वाढल्या तेव्हा मात्र तिचे सगळे प्रश्न संपले. बरोबर आलेल्या सुकवारोचा हात तिनं असा आवळला की म्हातारीच ओरडली.

"मी मरते, दाई."

"मरत नाहीस. कळ आली की श्वास हळू सोड. असा. गेली की ढिली पड. अजून जोर नको देऊस, सिस्टर सांगेल तेव्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी झाली. सव्वादोन किलोची, पण आवाज थेट आईचा. बाळंतपणानंतरही दाब चढू शकतो म्हणून डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं. त्या चार दिवसांत बिसाहिन सुकवारोशी चौदा वर्षांचं बोलली.

पुढे मनराखन लेकीला खांद्यावर घेऊन चौकात जायचा. नवखे लोक विचारायचे, "नात का हो?" पहिला महिना तो नुसती मान डोलवायचा. एकदा फिरंतिननं ते ऐकलं आणि सगळ्यांसमोर ओरडली, "काका, खरं सांगा की!" त्यानं घसा खाकरला, पोरीला नीट धरलं आणि म्हणाला, "माझी आहे. माझी मुलगी."