आलंच, पाच मिनिटं

लोहगडवाडीत आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बांबू, वर पत्रा, पावसाळ्यात बाजूंना निळं प्लास्टिक, आणि आत माझी आई. गडाची वाट समोरूनच जाते. त्यामुळे लहानपणापासून मी दोनच प्रकारची माणसं पाहत आले: वर जाणारी आणि खाली येणारी. खाली येणारी पिठलं-भाकरी खातात. वर जाणारी धापा टाकत एकच प्रश्न विचारतात.

"मावशी, अजून किती राहिलंय?"

"आलंच की. पाच मिन्टं."

आमच्या बाकड्यापासून माथा चांगला पाऊण तासावर आहे. पाचवीत असताना आमच्या वर्गात 'नेहमी खरे बोलावे' हा सुविचार फळ्यावर आठवडाभर होता. मी तो मनावर घेतला आणि आईला जाब विचारला. ती भाकरी थापत होती.

"पाऊण तास सांगितला तर समदी हितंच बसतील," ती म्हणाली. "मग पिठलं खायला येनाऱ्यांनी कुटं बसायचं? तुझ्या फळ्यावर?"

त्याच बाकड्यावर बसून मी अभ्यास केला. एका ट्रेकरचा कॅल्क्युलेटर राहिला होता. पुढच्या रविवारी तो परत आला तेव्हा मी दिला, तर म्हणाला, तूच ठेव. बारावीपर्यंतची सगळी गणितं मी त्याच्यावर केली. पुढं लोणावळ्याला कॉलेज झालं आणि आमच्या घरातली पहिली पदवी आली. आता मी तळेगावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत काम करते. हे सगळं त्या बाकड्याचं देणं आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून पहिला पगार झाला तेव्हा आईला विचारलं, तुला काय हवं?

मला वाटलं, मिक्सर म्हणेल.

"हिमालय," ती म्हणाली.

त्यालाही कारण बाकडंच. ताक पिताना प्रत्येक सराईत ट्रेकर तिला सांगायचा, "मावशी, हा गड म्हणजे काहीच नाही. हिमालयात चला एकदा." वीस-पंचवीस वर्षं तिनं हे ऐकून घेतलं होतं. आपल्या गडाला कोण काहीच नाही म्हणतंय आणि कशाच्या जोरावर, हे तिला एकदा जाऊन बघायचं होतं.

सुट्ट्या साठवायला मला चार वर्षं लागली. नेपाळमध्ये अन्नपूर्णा नावाच्या डोंगररांगेला पूर्ण वळसा घालणारी एक वाट आहे. दोन आठवडे चालायचं, मधे साडेपाच हजार मीटरच्या आसपास उंचीची एक खिंड ओलांडायची, आणि खिंडीपलीकडे उतरलं की मुक्तिनाथाचं देऊळ. मी हे आईला नकाशावर दाखवलं. तिनं बोटानं ती वाट गिरवली आणि दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या बैठकीत जाहीर केलं की ती अन्नपूर्णेला चालत प्रदक्षिणा घालून मुक्तिनाथाला जाऊन येणार आहे. सगळ्या वाडीसमोर.

शेजारचं हॉटेल माझ्या चुलतीचं. ती म्हणाली, "जा की बाई. आन आर्ध्यातनं गाडीनं आलीस तरी आमी काय कुनी विचारनार न्हाई."

म्हणजे विचारणार, हे सगळ्यांना कळलं. तेव्हापासून ती प्रदक्षिणा पुरी होणं हा आमच्या घरात इभ्रतीचा प्रश्न झाला.

तयारी मी शास्त्रशुद्ध केली. मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ बांधलं, वहीत तक्ता आखला, दर रविवारी पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन गड चढू लागले. दुसऱ्या रविवारी आईनं तांदूळ काढून घेतले. "रिकामी कशाला चढतीस? गडावर ताक इकनाऱ्या भाऊला कॅन पोचीव." तीन महिने मी व्यायाम म्हणून ताक वाहिलं. आईनं स्वतः काहीच तयारी केली नाही. तयारीला वेळ कुठं होता, तिला रोज तेच ताक घेऊन गडावर जावं लागायचं.

निघताना ती घरून साडीत निघाली आणि पुणे स्टेशनवर पंजाबी ड्रेस घालून आली. आयुष्यातला पहिला. दहा मिनिटं माझ्या मागं लपून चालली. मग कुणीच बघत नाही हे लक्षात आल्यावर थोडी नाराज झाली.

आमच्याबरोबर दोघं होते. एक गाईड, चाळिशीचा, हसरा, आईला नेपाळीत 'आमा' म्हणजे आई म्हणणारा. दुसरा त्याचा मेहुणा, आमचं सामान वाहणारा, दिवसाला चार शब्द बोलणारा. पहिल्याच दिवशी दुपारी आईनं विचारलं, "भाऊ, गाव कितना दूर?"

"बस आमा, सामने ही है. पाँच मिनट."

गाव दोन तासांनी आलं. मी चिडले होते. आई मात्र वाटेत थांबून पोट धरून हसत होती. "ह्यो आपल्यातला हाय गं," ती म्हणाली. त्या दिवसापासून त्यांचं जमलं. संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की ती थेट स्वयंपाकघरात शिरायची, चुलीत जाळ नीट लागलाय का ते बघायची, आणि मालकिणीशी मराठीत बोलायची. मालकीण नेपाळीत उत्तर द्यायची. एका मुक्कामी तिनं पिशवीतलं बेसन काढून पिठलं केलं. दोन गोऱ्या पाहुण्यांनी ते सूप समजून चमच्यानं प्यायलं आणि आणखी मागितलं.

तिसऱ्या दिवशी मात्र ती वाटेत बसली. उठेना.

"काय झालं?"

"डोंगर कुटल्या हाताला हाय?"

"डाव्या."

"प्रदक्षिणेत देव कुटल्या हाताला असतो?"

मी पदवीधर, प्रयोगशाळेत काम करणारी, चार वर्षं नकाशे वाचलेली. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही अन्नपूर्णेला उलटी प्रदक्षिणा घालत होतो. गाईडनं तिला हिंदीत समजावलं की दुसऱ्या बाजूनं खिंडीचा चढ एका दिवसात फार मोठा पडतो, छातीवर येतो, म्हणून बहुतेक लोक ह्याच बाजूनं जातात. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"देवीला सांगितलंय का तुमी?" तिनं विचारलं.

"वो जानती है, आमा."

देवीला माहीत आहे म्हटल्यावर ती उठली. पण पुढचे दोन दिवस वळणा-वळणावर डोंगराकडं बघून पुटपुटायची, "माफ कर बाई. ह्या लोकांची वाटच तशी हाय."

जसजसे वर गेलो तसतशी झाडं संपली, मग झुडपं संपली, मग माझी हुशारी. रोज संध्याकाळी गाईड आमच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावून रक्तातला प्राणवायू बघायचा. आईचा आकडा एक्क्याण्णव. माझा चौऱ्याऐंशी. मी म्हटलं, यंत्रात काहीतरी गडबड आहे. दुसरं यंत्र आणलं. चौऱ्याऐंशीच. मग मी बोट बदललं.

"पेपर फिरून तपासायला दिलाय वाटतं," आई म्हणाली.

खिंडीच्या अलीकडचा शेवटचा मुक्काम म्हणजे दगडी खोल्यांची एक रांग. तिथं दुपारी पोचलो तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. शेवटच्या चढावर मी दर वीस पावलांना थांबले होते. पोचल्यावर सूप प्यायले आणि लगेच बाहेर जाऊन ते दगडावर ओकले. गाईडनं बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, पुन्हा लावला. ह्या वेळी बोट त्यानं बदललं. अडुसष्ट.

"दीदी, आप नीचे जाओगे," तो म्हणाला. त्याचं हसू पहिल्यांदाच गेलं होतं. "अभी."

"सकाळपर्यंत बरं वाटेल," मी म्हटलं. चार वर्षांच्या सुट्ट्या, तीन महिन्यांचं ताक. खिंड तिथून एका सकाळचं काम होतं. मी आईकडं वळले. "आई, किती राहिलंय आता? थोडंच ना?"

मला फक्त ते दोन शब्द हवे होते, जे ती ओळखपाळख नसलेल्या माणसाला फुकट देते. ती ऐकवेल आणि मी चढेन, अशी माझी खात्री होती.

तिनं वर वाटेकडं बघितलं. मग माझ्या ओठांकडं.

"लय हाय," ती म्हणाली. "तुला न्हाई जमायचं, बाय. खाली जा."

मी रडले. उंचीवर माणूस हळवा होतो असं पुस्तकात वाचलं होतं, त्यावर मी ते ढकललं. डोळे पुसून बघते तर आई स्वतःची पिशवी भरत होती.

"तू कुठं?"

"तुझ्यासंगं. मुक्तिनाथ काय पळून चाललाय व्हय?"

बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. पिशवीत तिनं मुक्तिनाथासाठी आणलेला नारळ भरला, बाहेर काढला, पुन्हा भरला. मला बचत गटाची बैठक आठवली. चुलतीचं तोंड आठवलं. मी गाईडला विचारलं, आईचा आकडा किती? सत्याऐंशी. डोकं दुखतंय का? नाही. उलटी? त्यानं नकारार्थी मान हलवली. म्हणाला, आमा जाऊ शकते, मी तिच्याबरोबर राहीन, मेहुणा तुला खाली नेईल. खाली उतरलं की डोकं थांबेल. मग खाली पोखरा शहरात भेटू.

आईनं ते ऐकलं, पण पिशवीचा बंद बांधत राहिली. मग खाली मान घालून, जणू सहज, तिनं विचारलं, "भाऊ, आगे कितना है?"

गाईड बोलणारच होता. त्याच्या आधी मी बोलले.

"आलंच की, आई. पाच मिनिटं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग बंद सोडला आणि पिशवी बाकावर ठेवली.

"लबाड," ती म्हणाली.

निघताना तिनं माझ्या खिशात शेंगदाण्याचे दोन लाडू कोंबले आणि मेहुण्याला मराठीत दम दिला की पोरीला पळवू नका, पाणी पाजत न्या. त्यानं चार शब्दांतले दोन खर्च केले: "हुन्छ, आमा." म्हणजे बरं, आई. मी उतरायला लागले. वळून बघितलं तेव्हा ती गाईडला हातवारे करून काहीतरी सांगत होती. बहुधा चुलीबद्दल.

उजेड असेपर्यंत आम्ही पुष्कळ उतरलो आणि खरंच, डोकं हळूहळू सुटलं. दुसऱ्या दिवशी एका गावात मी लिंबू घातलेला गरम चहा घेऊन फोनकडं बघत बसले. सकाळ गेली. दुपार झाली. बाकड्यावर बसून वर गेलेल्या माणसाची वाट बघणं मला नवीन नव्हतं, फक्त आईसाठी कधी घड्याळ बघावं लागलं नव्हतं. तीनच्या सुमाराला गाईडच्या नंबरवरून फोन आला.

"पोचले," आई म्हणाली. आवाज घोगरा, पण खूश. "एकशेआठ धारा हायत देवाच्या. समद्यांखालनं गेले."

"अगं, बर्फाचं पाणी ते!"

"आपल्या हापशासारखंच हाय. जरा गार."

"आणि खिंड? कशी होती?"

मला वाटलं, बर्फाबद्दल सांगेल, शिखरांबद्दल सांगेल.

"वर चाचं दुकान हाय," ती म्हणाली. "अगदी माथ्यावर. वारं असलं की उभं ऱ्हाता येत न्हाई, आन तितं येक म्हातारा स्टोव्ह पेटवून बसलाय. मी लय वेळ बघत हुते त्येच्याकडं. चा पेले. त्येला म्हटलं, माझं बी दुकान हाय."

"तो काय म्हणाला?"

"काय कळलं न्हाई. पन त्येनं माझा कप फिरून भरला."

पोखराच्या बसस्टँडवर ती भेटली तेव्हा नाकाचं साल निघालेलं, गाल काळे पडलेले, आणि चाल एकदम रुबाबदार. मी जीपनं आले त्या वाटेबद्दल तिनं बारकाईनं विचारलं. डोंगर कुठल्या हाताला होता?

"उजव्या. सगळ्या वाटेनं."

"म्हंजे मी उलटी गेले आन तू सुलटी आलीस," ती समाधानानं म्हणाली. "दोघींची मिळून देवीनं धरून घ्यावी."

वाडीत आल्यावर चुलतीनं काही विचारलं नाही. फोनमधला खिंडीतला फोटो मात्र दोन बोटांनी मोठा करून करून बघितला, आणि शेवटी म्हणाली, "ह्यो पंजाबी ड्रेस कुनाचा?" आमच्या मागं बाबांनी तीन आठवडे हॉटेल चालवलं होतं. गिऱ्हाइकं पिठल्यातल्या गुठळ्यांना भजी समजली, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या रविवारी मी ग्लास धूत होते. पाच-सहा कॉलेजची पोरं आली. मावशी, किती राहिलं? आलंच, पाच मिन्टं. पोरं गेली. त्यांच्या मागून पन्नाशीचे एक गृहस्थ आले, हात कमरेवर, ओठ पांढुरके. त्यांनीही तेच विचारलं.

"पाऊण तास हाय, भाऊ," आई म्हणाली. "बसा हितं. मग बघू."

मी ग्लास खाली ठेवला. "हे खरं सांगायला कधीपासून लागलीस?"

"कधीपास्नं म्हंजे? पयल्यापास्नं."

"तू तर सगळ्यांना पाच मिनिटंच सांगायचीस."

"समद्यांना कुटं? जो पोचनार हाय त्येला पाच मिन्टं. बाकीच्यांना बसवायची. ताक तूच न्हेऊन द्यायचीस की. तुला वाटायचं, गिऱ्हाईक हाय."

ताकाचा ग्लास भरून त्या गृहस्थांना नेऊन दिला. दोन घोट प्यायल्यावर त्यांच्या ओठांना रंग आला आणि अवसानही आलं.

"तसा हा गड काहीच नाही, मावशी," ते म्हणाले. "मी हिमालयात जाऊन आलोय."

आईनं भाकरीचं पीठ बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि त्यांच्या समोरच्या बाकड्यावर ऐसपैस येऊन बसली.

"व्हय?" ती म्हणाली. "कुटपर्यंत?"