डाव्या फेंडरसाठी विसरवाडीला

फेंडर मीच कापला होता, त्यामुळे जावंही मलाच लागणार होतं.

नाशिकला नानांच्या गॅरेजमध्ये मी डेंटिंगचं काम शिकतो. आमच्याकडे एक जुनी, लाल, दोन दारांची, बिनछताची स्पोर्ट्स कार आली. तिचा पुढचा डावा फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, खालून गंजला होता. नानांनी खडूने रेघ मारून दिली आणि म्हणाले, "इथपर्यंत काप." मी कापलं. मग वाटलं, रेघेच्या वर गंज राहिला असला तर? म्हणून आणखी थोडं कापलं. मग आणखी थोडं. नाना जेवून आले तेव्हा बोल्टची भोकंसुद्धा पत्र्याबरोबर गेली होती.

ही गाडी बनणं कधीच बंद झालंय. भंगार बाजारात मी अकरा जणांना फोन केले. एकाने दुसऱ्याच गाडीचा फोटो पाठवून "थोडं ठोकलं की बसेल" असं लिहिलं. शेवटी नाना म्हणाले, "विसरवाडीला हायवेला आप्पा आहेत. ट्रकची नाकं हाताने घडवतात. त्यांच्याकडे जा. पुढच्या गाडीला कटर तुझ्या हातात द्यायचा की नाही, ते हा फेंडर बसल्यावर बघू."

मी दोन दिवस तयारी केली. मेडिकलमधून प्लॅस्टरच्या पट्ट्या आणल्या आणि चांगल्या फेंडरवर ओल्या करून थापल्या. वाळल्यावर चौदा किलोचा पोकळ साचा निघाला. त्यावर मार्करने मापं लिहिली आणि तो गोधडीत बांधला.

पहिला दिवस

सकाळी सहाची धुळ्याची एसटी पकडली. कंडक्टरने गोधडी उचलून पाहिली, आत पांढरं प्लॅस्टर दिसलं.

"मूर्ती आहे का?"

"नाही, फेंडर आहे."

तोवर मागच्या सीटवरच्या आजींनी हात जोडले होते. त्यांनी नातवाला उठवून खिडकीची जागा साच्याला दिली. मी उभा.

धुळ्याला सुरतकडे जाणारी गाडी मिळते, पण फलाट विचारून घ्या. मी तीनदा विचारला. साक्री, दहिवेल आणि मग कोंडाईबारीचा घाट. घाटात डाव्या बाजूला बसा, सागाचं जंगल छान दिसतं. मी साचा दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, त्यामुळे जंगल अर्धंच पाहिलं.

विसरवाडीला दुपारी एकच्या सुमारास उतरलो. ट्रक, टायरची दुकानं, पपयांचे ढीग. आप्पांचा पत्ता विचारावा लागला नाही, ठोकण्याचा आवाज स्टँडपर्यंत येत होता. निंबाच्या झाडाखाली ते एका ट्रकचा पत्रा लाकडी मोगरीने वळवत होते. पांढऱ्या मिशा, अंगावर बनियन. शेजारी सुमनवहिनींची चहाची टपरी.

मी गोधडी सोडली. आप्पांनी साच्याच्या आतून हात फिरवला आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले,

"साचा ते झकास शे. डावं मडगार्ड जोयजे का उजवं?"

"डावं."

"मंग हाई उजवं काबरं लई उना भाऊ?"

मी साच्याकडे पाहिलं. माझ्याच अक्षरात, ठळक, लिहिलेलं होतं: 'उजवा, पुढची बाजू.' डावा फेंडर मी कापून टाकला होता, म्हणून साचा उजव्याचा काढला. मापं मिलिमीटरपर्यंत तपासली. पण उजव्या साच्यातून उजवाच फेंडर निघतो, हे नाशिकपासून इथपर्यंत एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

आप्पा पोट धरून हसायला लागले. वहिनी टपरीतून म्हणाल्या, "आप्पा, त्याना तोंडकडे देखा. पहिले चहा पिऊ द्या, मंग हासा."

चहा झाल्यावर आप्पा म्हणाले, "घाबरू नको. भाकर पलटाडतस तशी पलटाडी टाकसूत."

"साचा कसा पलटणार?"

"साचा नही रे. पुठ्ठा."

त्यांनी वहिनींकडून बिस्किटांचे खोके मागवले. साच्यात दर चार बोटांवर आडवी रेघ मारली आणि प्रत्येक रेघेवर पुठ्ठ्याचा एक तुकडा, अगदी आत चपखल बसेल असा, कापला. पाव कापतात तसे फेंडरचे अकरा काप झाले. मग एकेक काप फक्त उलटा केला, डावं उजवीकडे. क्रम तोच. ते उलटे काप प्लायवूडवर उतरवले आणि फळीवर ओळीने उभे केले. माझ्यासमोर डाव्या फेंडरच्या बरगड्या उभ्या होत्या.

मुक्कामाला विसरवाडीत शोधत बसू नका, नवापूरला जा. वीसेक किलोमीटर आहे, जीप मिळते. मला चारशेत स्वच्छ खोली मिळाली. जेवणात तूरडाळ घ्या. या भागातल्या डाळीची चव आमच्याकडच्या डाळीला नाही.

दुसरा दिवस

वीस गेजचा पत्रा आप्पांनी आधीच कापून ठेवला होता. जमिनीत पुरलेलं सागाचं खोड, त्याला मधोमध खळगा. त्या खळग्यात पत्रा मोगरीने ठोकायचा, मग वाळूच्या पिशवीवर चोपायचा, मग बरगड्यांवर ठेवून बघायचं. दुपारपर्यंत सपाट पत्र्याला पोट आलं होतं. मी दर दहा मिनिटांनी माप घ्यायला कॅलिपर लावत होतो. शेवटी आप्पांनी तो माझ्या हातातून घेऊन वहिनींच्या साखरेच्या डब्यावर ठेवला.

"डोया बंद कर. हात फिराव."

फिरवला. एका जागी तळव्याला किंचित काहीतरी अडलं. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं.

"आठे," मी म्हणालो. 'इथे'साठी आप्पांचा हा शब्द तोवर माझ्या तोंडात बसला होता.

"मंग ठोक तूच."

मी सहा ठोके दिले. सातवा देणार होतो, त्यांनी मोगरी धरली. "बस. तुले थांबता येत नही, हाऊच तुन्हा रोग शे."

चार वाजता फेंडर झाला. मी माप घेतलं, तर दाराकडची कड बोटभर जास्त निघाली. मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "मुद्दाम ठेयेल शे. कोनतीच गाडी दोन्हीकडून सारखी ऱ्हास नही. मन्ह्या मिशा बी नहीत. घर जाईसन, गाडीवर बसाडीसन मंगच काप."

"आप्पा, तुम्हीच कापून द्या ना."

"गाडी आठे शे का?"

ती नव्हती.

तिसरा दिवस

सकाळी आप्पांनी मला ओळखीच्या ट्रकमध्ये बसवलं. ड्रायव्हरने अभिमानाने सांगितलं की ट्रकचं नाकही आप्पांनीच बसवलंय. कोंडाईबारी चढताना फेंडर माझ्या मांडीवर होता. साचा मी वहिनींकडे सोडून आलो. त्या म्हणाल्या, उलटा ठेवला तर कोंबड्यांना बरा.

घरी

नानांनी फेंडरच्या आतून हात फिरवला. आम्ही तो बोल्टवर बसवला. पुढे चपखल. मागे दाराशी जास्तीची कड आली, पण सगळीकडे सारखी नाही. वर पाऊण बोट, खाली जेमतेम अर्धं. गाडीची डावी बाजू उजवीसारखी नव्हतीच. आप्पांनी साच्याप्रमाणे कापलं असतं, तर दाराशी फट पडली असती, खाली तर जास्तच.

नानांनी कटर पुढे केला.

मी रेघ मारली आणि रेघेच्या बाहेरून कापलं. कानस लावली. दार लावून पाहिलं, पुन्हा कानस. कानसीचा आणखी एक हात मारावा असं वाटलं. डोळे मिटून फटीवरून बोट फिरवलं आणि कानस खाली ठेवली.

त्या संध्याकाळी वहिनींच्या फोनवर फोटो पाठवला आणि मग फोन लावला. पलीकडून आप्पांचा आवाज आला, "डावंच शे ना रे?"

कापलेली पट्टी आता माझ्या मापांच्या वहीत खूण म्हणून असते. काल एक जुनी जीप आली, दाराचा खालचा पत्रा गेलेला. नानांनी खडू माझ्याकडे टाकला आणि जेवायला निघून गेले. मी गंजापाशी रेघ मारली, वहीतली पट्टी काढून पत्र्याला लावली आणि तेवढी जागा सोडून गंजाच्या बाजूला दुसरी रेघ मारली. कापलं ते त्या दुसऱ्या रेघेवर. नाना परत आले तेव्हा बोल्टची भोकं जागेवर होती.