गच्चीवरून विचारलेला प्रश्न

प्रश्न विचारायचा आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याचं उत्तरही आपणच देऊन मोकळं व्हायचं, या विद्येत आमच्या आतोबांचा हात धरणारा माणूस उभ्या पुणे शहरात नसेल. उत्तराची वाट न पाहणं हा तसा पुण्यात दोष मानत नाहीत. आमच्याकडचा दुकानदारही गिऱ्हाइकानं काही मागायच्या आत "नाही" म्हणून टाकतो. पण तो निदान दुकानाची पायरी तरी दुसऱ्याला चढू देतो. आतोबा दोन्ही बाजू एकट्यानं लढवायचे. "काय रे, कसा आहेस? बराच असशील. नोकरी काय म्हणते? चाललीय ना, मग झालं. चल, ठेवतो," हा त्यांचा संपूर्ण फोन. मी हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चढताना तो घ्यायचो आणि मला बसायला जागा सापडायच्या आत तो संपलेला असायचा. एकदा मला खरोखरच टायफॉइड झाला होता, आणि तीन फोन होऊनही आतोबांच्या हिशेबी मी ठणठणीत होतो.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी भोसरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये काढली. त्यामुळे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत त्यांचा जगावर विश्वास होता. त्यापुढे माणसं सुरू होत आणि तिथे तो संपे. ते निवृत्त झाल्यावर त्यांचा व्हर्नियर कॅलिपर धायरीच्या घरी, देवघराशेजारच्या कोनाड्यात आला. त्यानं ते आत्याच्या पोळीची जाडी मोजतात, असं मी ऐकून होतो. एकदा डोळ्यांनी पाहिलं. "दोन पॉइंट एक. काल एक पॉइंट नऊ होती. का गं? पीठ बदललंस. बरोबर." आत्यानं उलथन्यानं पुढची पोळी उलटली. पीठ बदललेलं नव्हतं, हे तिनं मला नंतर ओट्यापाशी सांगितलं.

त्यांचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम तर आमच्या घराण्यात अजून सांगतात. आतोबांनी मुलीला विचारलं, "शिक्षण? मॅट्रिक, कळलंय मला. स्वयंपाक येतो? येणारच. गाणं? नसलं तरी चालेल. मी पसंत आहे का? बरं." आणि बशीतले पोहे संपवून ते उठले. आत्या म्हणायची, "लग्नाला मी 'हो' म्हटलेलंच नाही रे. माझ्या वतीनं तेसुद्धा त्यांनीच म्हटलं." हे ती रागानं म्हणायची नाही. मूलबाळ झालं नाही, तेव्हा "वाईट वाटतं का तुला? वाटून काय होणार," हेही त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच मिटवलं. मी तिचा एकुलता एक भाचा. कोथरूडहून सुट्टीत जायचो तो मुक्कामालाच.

मात्र सगळ्या संसारात एक प्रश्न असा होता, की ज्याचं उत्तर आतोबांना स्वतःला देता येत नसे. कारण तो विचारताना ते गच्चीवर असत आणि उत्तर खाली दिवाणखान्यात असे. तो प्रश्न म्हणजे, "आलं का?"

गच्चीवर लोखंडी पाइप, त्याला अँटेना, आणि अँटेनाचं तोंड सिंहगडावरच्या टीव्हीच्या मनोऱ्याकडे. वारा सुटला, कावळा बसला, पतंग अडकला की खाली पडद्यावर मुंग्या. मग आतोबा वर जाऊन पाइप फिरवायचे आणि आत्या खिडकीत उभी राहून पडद्याकडे बघत ओरडायची. एरवी वाटीभर बोलणारी माझी आत्या त्या खिडकीत रणरागिणी व्हायची. "मुंग्या!" "दोन-दोन दिसतायत!" "आवाज आहे, माणूस नाही!" "अहो गेलं! मागं या, मागं या!" "हां, आता हात लावू नका!" आणि ज्यांना कारखान्यातला साहेबसुद्धा दोन वाक्यं सलग ऐकवू शकला नव्हता, ते आतोबा मुकाट्यानं ऐकायचे, मागं यायचे आणि हात लावायचे नाहीत. शेजारच्या काकू म्हणत, "तुमच्या घरात टीव्ही बिघडला की बरं वाटतं हो, दोघं बोलतात."

पुढे देश खुला झाला. गल्लीत केबल आली, मग घराघरांवर डिशच्या छत्र्या उगवल्या. लोकांचे अँटेना भंगारात गेले, काहींवर टॉवेल वाळू लागले. आतोबा ढिम्म हलले नाहीत. "हवेतून येतं ते गडावरून सरळ माझ्याकडे येतं," ते म्हणत. "वायरीतून येणाऱ्याला वाटेत कोण कोण भेटतं, कुणास ठाऊक!" मी आयटीत लागल्यावर त्यांना छत्री बसवून द्यायचा हट्ट धरला. "शंभर चॅनेल दिसतील आतोबा," मी म्हणालो. ते म्हणाले, "डोळे किती आहेत मला? दोन. मग?" विषय मिटला.

आणि मग एका उन्हाळ्यात आत्याला अर्धांगाचा झटका आला. देवदयेनं सौम्य होता. हात सावरला, पाय सावरला, महिन्याभरात ती भिंतीला धरून घरभर फिरू लागली. फक्त बोलणं गेलं. वाचा शिकवायला एक तरुण मुलगी घरी यायची. ती आतोबांना हात जोडून सांगायची, "आजोबा, आजींना शब्द सापडतो, पण शोधायला वेळ लागतो. तुम्ही विचारा आणि थांबा." आतोबा मान हलवायचे आणि तिच्यासमोरच विचारायचे, "चहा हवा? हवाय. साखर? कमीच." आत्याचे ओठ नुकते कुठे हलायला लागलेले असायचे. पण मी तरी काय वेगळा होतो? मी रविवारी यायचो, "आत्या, बरी आहेस ना?" म्हणायचो आणि तिनं शब्द जुळवायच्या आत मोबाइल बघायला लागायचो. सगळ्यांनी मिळून तिची उत्तरं देऊन टाकल्यावर तिनं ओठ हलवायचंही सोडलं. ती मुलगी मला फाटकापाशी गाठून म्हणाली, "दादा, आता प्रयत्न थांबला ना, तर तो शब्द कायमचा राहून जाईल हो." पुढचे दोन महिने मी नीट झोपलो नाही. आतोबा झोपत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता; त्याही प्रश्नाचं उत्तर ते आधीच देऊन ठेवत.

त्याच सुमारास गडावरचं जुनं प्रक्षेपण बंद झालं आणि घरचा टीव्ही नुसता मुंग्यांचं वारूळ झाला. डिजिटल प्रक्षेपण तिथूनच, हवेतूनच होत होतं, पण त्याला टीव्हीशी जोडायचा वेगळा डबा लागे आणि वेगळा, लहान अँटेना. आतोबांनी वर्तमानपत्रातलं कात्रण माझ्यापुढे टाकलं. "डबा आण. अँटेना मी बनवतो." खिडकीच्या पडद्यांच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या दांड्या कापून, कॅलिपरनं मोजून, माशाच्या काट्यासारखा अँटेना त्यांनी चार दिवसांत बनवला. घरात बायको मुकी झालीय आणि या गृहस्थाला टीव्हीचं पडलंय, असं माझ्या मनात आलं. बोललो नाही, पण आलं खरं.

रविवारी सकाळी ते गच्चीवर गेले. समोर आता दोन उंच बिल्डिंगा झाल्या होत्या आणि गड त्यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीतून दिसत होता. आत्या खुर्चीत बसून बघत होती आणि तिच्या खिडकीत मी उभा होतो. "आलं का?" "नाही!" "आता?" "नाही!" आणि मग एकदम स्वच्छ चित्र. मी ओरडलो, "आलं!" तोवर ते पुढे गेलेले. "गेलं!" ते उलटे फिरले. "आलं! नाही, गेलं!" पाऊण तास हा खेळ चालला. शेवटी आतोबा घामाघूम होऊन खाली आले. "हा डबा मंद आहे. आणि मुंग्या कुठं आहेत? मुंग्या कमी झाल्या की जवळ आलो, असं कळतं. हा एकतर सगळं देतो, नाहीतर काहीच नाही!"

मी समजावलं, "आतोबा, मंद नाही. वरून जे येतं ते तो आधी गोळा करतो, जुळवतो आणि मग दाखवतो. तुम्हाला 'आलं' ऐकू येतं तेव्हा ते आधीच्या जागेचं असतं. अँटेना एवढासा फिरवा आणि दहा मोजा."

"दहा? दहा मोजेपर्यंत माणूस म्हातारा होतो."

"झालाच आहात," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच उलटून बोललो असेन.

ते रागावले नाहीत. डब्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. फक्त जुळवायला वेळ लागतो." हा प्रश्न नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. आतोबांनी आत्याकडे पाहिलं. मग उठून त्यांनी खुर्ची, आत्यासकट, पडद्यासमोर खिडकीला लावली आणि मला म्हणाले, "तू वर चल. पाइप धरायला माणूस हवा."

"मग खाली कोण सांगणार?"

"जी सांगत आलीय ती."

वर गेलो. त्यांनी अँटेना बोटभर फिरवला. "आलं का?" आणि अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवून मोजायला लागले. एक, दोन, तीन. बारा पेरं झाली. खाली सामसूम. पुन्हा बोटभर. पुन्हा "आलं का?" पुन्हा पेरं. मला राहवेना, खाली जाऊन बघून येतो म्हणून मी पाइप सोडला, तर त्यांनी माझं मनगट पकडलं. "थांब." आतोबांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. पाच वेळा, सहा वेळा तेच. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीत वाळवण सोडून उभ्या राहिल्या. सातव्यांदा आतोबांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज चिरकला होता. अंगठा फिरत फिरत शेवटच्या पेरावर आला, तिथून परत पहिल्यावर गेला, आणि खालून, विहिरीतून यावा तसा, जाड, अडखळता आवाज आला.

"आ… आलं."

आतोबांनी पाना उचलला नाही, नट आवळला नाही. कठड्याला धरून वाकले आणि म्हणाले, "काय?" त्यांना पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पुन्हा पेरं मोजली. आठव्या पेराला खालून आवाज आला, "आलं… हो. हा… हात नका लावू."

आतोबा पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले आणि पंच्यानं तोंड पुसत राहिले. नट मी आवळला. काकूंनी वाळवणातली मिरची हातात धरूनच डोळ्यांना पदर लावला आणि मग चुरचुरलं म्हणून आरडाओरडा केला. आम्ही खाली आलो तर टीव्हीवर हळदीवरच्या रोगाचा कार्यक्रम चालू होता. ज्यांनी आयुष्यात कुंडीसुद्धा लावली नाही, ते आतोबा तो शेवटपर्यंत मन लावून बघत बसले.

पुढचं सगळं सोपं झालं, असं नाही, पण झालं. आतोबा आता प्रश्न विचारायचे आणि अंगठा पेरांवर ठेवायचे. "चहा हवा?" पेरं. "हवा." "साखर?" पेरं. आणि एके दिवशी, "दोन चमचे. इतकी वर्षं… कमी पितेय." वाचा शिकवणाऱ्या मुलीनं कौतुकानं विचारलं, "आजोबा, कुठला व्यायाम करून घेतलात?" ते म्हणाले, "अँटेना." तिला काही कळलं नाही. वर्षाच्या आत आत्या इतकी बोलू लागली, की पोळीपाशी कॅलिपर आला तर "ठेवा ते जागेवर" असं एका दमात म्हणायची. पीठ बदललेलं नव्हतं, हेही तिनं त्यांना सांगून टाकलं.

परवा गेलो होतो. त्या दोन बिल्डिंगांच्या फटीत आता तिसरी उभी राहिलीय. गड दिसत नाही, मनोरा दिसत नाही, पडद्यावर काही येत नाही, तो नुसता निळा. तरी संध्याकाळ झाली की आतोबा कठड्याला धरत धरत गच्चीवर जातात. थकलेत आता, ते जिना चढताना मला मागं उभं राहावं लागतं. मी त्यांना वर पोचवून खाली आलो. आत्या मटार सोलत बसली होती. वरून आवाज आला, "आलं का?"

आत्यानं पडद्याकडे पाहिलंही नाही. तिला आता उत्तर द्यायला वेळ लागत नाही. पण ती थांबली. एक-एक दाणा मोजत थांबली. आठवा दाणा ताटात पडला तशी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आलं हो. या आता खाली."

आतोबा सावकाश उतरले, तिच्याशेजारी बसले, त्या निळ्या पडद्याकडे एकवार बघून "छान" म्हणाले आणि मटार सोलू लागले.

मला बसमध्ये त्यांचा फोन अजून येतो. "कसा आहेस?" एवढंच म्हणतात. पलीकडे काहीच ऐकू येत नाही. ते मोजतायत, हे मला माहीत असतं, म्हणून मी नीट आठवून, सगळं सांगतो.