चिटावरचे ट्रॅक्टर

न्यूयॉर्कहून निघालेली बस स्टेट कॉलेजला पोचेपर्यंत खिडकीबाहेर एकच करडा रंग होता. नोव्हेंबर संपत आला होता. पानं गळून गेली होती, बर्फ अजून पडायचं होतं, आणि पेनसिल्व्हेनियाचे डोंगर भादरल्यासारखे दिसत होते. मी मांडीवरची बॅग घट्ट धरून बसलो होतो. तीत माझा प्रबंध होता, क्रांतीनंतरच्या रशियातली कला आणि कारखान्यातलं उत्पादन यांवरचा. सात वर्षं मी दुसरं काही केलं नव्हतं.

त्यातलं एकच प्रकरण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जवळजवळ पाठ होतं. सोलापूरच्या एका गिरणीत ते रंगारी होते. चांगला रंग परदेशी जाणाऱ्या मालाला लागायचा. त्यांच्या स्वतःच्या सदऱ्याचा रंग मात्र दुसऱ्या धुण्याला उतरायचा. रशियात तेव्हा चिटाच्या कापडावर फुलांऐवजी ट्रॅक्टर आणि दातेरी चाकं छापत. त्या नमुन्यांची छायाचित्रं मी एका पुस्तकात पाहिली होती; मूळ नमुने इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते, तेच पाहायला निघालो होतो. नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं, 'न्ये इद्योत' (शब्दशः, 'जात नाही'). रंगाऱ्याच्या पोराला अर्थ विचारायला हवा का? रंग जात नाही, पक्का आहे! कारखाना मजुरांचा झाला की उत्तम रंग मजुरांच्या चित्राला मिळतो, असा सिद्धान्त मी त्यावर उभारला. अण्णा शेजाऱ्यांना बोलावून ते प्रकरण वाचून घ्यायचे. "बघा, तिकडं रंगाऱ्याला मान आहे," म्हणायचे.

बसस्टॉपवर मिलिंद आला होता. मूळचा नागपूरचा, इथं इंजिनिअरिंग करणारा, एका मित्राचा भाचा. "सर, एवढ्याशा स्वेटरवर आलात? माझं जॅकेट घाला, इथं फ्रीज व्हाल!" त्याच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची लहानशी तसबीर होती आणि स्वयंपाकघरात आईनं पाठवलेलं तिखट. भारतीय वाणसामानाचं दुकान गावात नव्हतंच, म्हणून तो ते चिमटी चिमटीनं वापरायचा. माझ्या वरणात मात्र त्यानं चमचाभर घातलं.

सकाळी मी कॅम्पसची बस उलट्या दिशेची पकडली आणि विद्यापीठाला प्रदक्षिणा घालून भिजलेल्या बुटांनी ग्रंथालयात शिरलो. तिथल्या वेराबाई जन्मानं रशियन, सत्तरीच्या. त्यांनी नमुन्यांची पेटी उघडली. लाल, निळा, पिवळा, सगळे रंग काल छापल्यासारखे झगमगत होते. मला भरून आलं.

"पाहा," मी म्हणालो, "इतक्या वर्षांनीही रंग गेलेला नाही. चिठ्ठीवर लिहिलंय तसंच."

त्यांनी चष्मा पुसून चिठ्ठी वाचली. "रंगाचं इथं काही नाही. माल जात नाही, असं लिहिलंय. खपत नव्हता. माझी आई सूतगिरणीत होती. दिवसभर यंत्रापाशी उभं राहायचं आणि घरी यंत्रच अंगावर घालायचं? तिला फुलं हवी असायची."

मला लाज वाटली. गिरणी बंद पडायच्या आधी अण्णा रोज घरी येऊन हेच म्हणायचे, माल जात नाही. आमच्याच घरातलं वाक्य मला परक्या भाषेत ओळखू आलं नव्हतं.

मिलिंदला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. "सर, 'जात नाही' म्हटलं की आम्हाला तिसराच अर्थ ऐकू येतो." मग माझा चेहरा पाहून त्यानं विचारलं, "चॅप्टर कॅन्सल करणार?"

"करावाच लागेल."

"आणि वडिलांना काय सांगणार?"

उरलेले आठ दिवस मी चिठ्ठ्या उतरवून घेतल्या. फुलांवर क्वचित, ट्रॅक्टरवर मात्र जवळजवळ सगळीकडे तेच दोन शब्द. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. परतीच्या विमानात मी प्रबंध उघडलासुद्धा नाही.

घरी अण्णा दारातच खुर्ची टाकून बसले होते. कोपरापर्यंतचा निळेपणा गिरणी सुटल्यावरही त्यांच्या हातांवरून गेला नव्हता.

"पाहिलंस कापड? जातो का रंग?"

"नाही, अण्णा. जात नाही." शब्द तेच होते म्हणून माझी जीभ अडखळली नाही.

ते खुशीत पुढं झुकले. "किती धुण्यांचं होतं?"

याचं उत्तर मी ठरवून ठेवलं नव्हतं. "एकही नाही. नवं कोरं."

अण्णांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"म्हणजे माल गेलाच नाही," ते म्हणाले. "सांगायचंस की सरळ. आमचा तरी कुठं जात होता?"

मी बॅग त्यांच्या खुर्चीपाशी ठेवली आणि खाली बसून बूट सोडू लागलो.