सातशे अठ्ठावीस दात आणि एक उतार

कवळीवाले विमानाचं पेट्रोल चोरताना पकडले गेले, ही बातमी गल्लीत सगळ्यात आधी मी पसरवली असं लोक म्हणतात. साफ खोटं. मी दुसरा होतो. पहिली इस्त्रीवाल्याची बायको. तिने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: विमानतळाच्या कुंपणापाशी एका टोकाला कवळीवाले, दुसऱ्या टोकाला वहिनी, मध्ये लांबच लांब प्लास्टिकची नळी, आणि समोर वॉचमन शिट्टी फुंकतोय. मी त्यात फक्त दोन कॅन घातले. नळी आहे म्हटल्यावर कॅन हवेतच ना.

खरा प्रकार संध्याकाळपर्यंत कळला. नळीत पाणी होतं. गवंडी जमिनीची पातळी बघायला वापरतात तसली ती नळी, आणि कवळीवाले तिने धावपट्टीचा उतार मोजत होते. कुंपण धावपट्टीला अगदी समांतर जातं, त्यामुळे बाहेरून मोजता येतं. वॉचमनने पकडलं हे मात्र खरं. 'चला ऑफिसात' म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि कवळीवाले एकदम ओरडले, "अरे, हा तर माझा सुळा!"

दोन वर्षांपूर्वी त्या वॉचमनची कवळी यांनीच केली होती. वरचा डावा सुळा त्याने हट्टाने किंचित वाकडा करून घेतला होता. सगळे दात सरळ दिसले तर बायको घरात घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. ओळख पटल्यावर कसलं ऑफिस आणि कसलं काय! पुढचे चार रविवार वॉचमनने यांना आपली खुर्ची दिली आणि नळीचं मधलं वळण स्वतः धरलं. पूर्वेचं टोक पश्चिमेपेक्षा साडेसात मीटर खाली निघालं. त्या आनंदात कवळीवाले दोन दिवस नीट जेवले नाहीत.

आता हा उतार कशासाठी, ते सांगतो. कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक खेळ असतो, त्याला सिम्युलेटर म्हणतात. खेळ म्हटलेलं कवळीवाल्यांना चालत नाही, ते मी मुद्दाम म्हणतो. त्यात सगळ्या जगाची विमानतळं असतात, पण मोठी तेवढी नीट आणि छोटी नुसती उरकलेली. आमच्या गावाचं विमानतळ म्हणजे हिरव्या सतरंजीवर करडी पट्टी, बस्स. मग हौशी लोक आपापल्या गावाचं विमानतळ घरी बसून बनवतात, कोणी विमानं बनवतं, आणि एका वेबसाइटवर ठेवतात. फुकट. ज्याला हवं तो डाउनलोड करतो. "फुकट म्हणजे अगदीच फुकट?" मी एकदा विचारलं होतं. वहिनी आतून म्हणाल्या, "नाही भाऊजी, माझे रविवार जातात."

कवळीवाले स्वतः विमानात कधी बसलेले नाहीत. बसणारही नाहीत. स्टुलाच्या दुसऱ्या पायरीवर त्यांना घाम फुटतो, त्यांच्या घरचा बल्ब मी बदलतो. पण हात असा की विचारू नका. पुढच्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, कुणी थेट माप द्यायलाही येतं, आणि हे डोळ्याला भिंग लावून मेणात दात बसवतात. आपण बोलत असलो की ते आपल्या डोळ्यांकडे बघत नाहीत, तोंडात बघतात. त्याच नजरेने त्यांनी विमानतळ बघितलं. पिवळी शेड, तिच्या पत्र्याचा उचकटलेला कोपरा, वाऱ्याची दिशा दाखवणारी फाटकी पिशवी, टॉवरच्या खिडकीतली कुंडी. अडीच वर्षं लागली. मागच्या खोलीत कपाट आणि शिवणाच्या मशीनच्या मध्ये त्यांचा कॉम्प्युटर आहे, तिथे बसून सगळं केलं. सहाशे बारा लोकांनी डाउनलोड केलं. तो आकडा ते आल्यागेल्याला सांगत. एका बाईला तर तोंडात माप घ्यायची पेस्ट असताना सांगितला. तिला काही उलट बोलता आलं नाही.

आणि मग बगळा आला.

बगळा हे त्याचं खरं नाव नव्हे. वेबसाइटवर तो नावाच्या जागी बगळ्याचं चित्र लावतो. राहतो दोन समुद्रांपलीकडे. त्याने बनवलेलं दोन पंख्यांचं छोटं विमान आधीच जगभर गाजलेलं. या बगळ्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने वरून काढलेले फोटो बघून आमच्याच गावाचं विमानतळ बनवलं. सहा आठवड्यांत. धावपट्टी अशी चमचमती, जणू आत्ताच पुसून घेतली आहे. पहिल्याच आठवड्यात चार हजार डाउनलोड.

कवळीवाले त्या दिवसापासून बदलले. सकाळी दात घासायच्या आधी बगळ्याचा आकडा बघायचे. चहा पुढ्यात निवून जायचा. "चार हजार तीनशे," ते म्हणायचे, कुणी दगावल्याच्या आवाजात.

"अहो, पण फुकटच तर आहे दोघांचं," वहिनी म्हणायच्या.

"म्हणून तर! पैसे असते तर म्हटलं असतं, स्वस्तात देतो म्हणून खपतंय. आता काय म्हणू?"

मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "एक काम करा. वेबसाइटवर खातं उघडा आणि माझ्या विमानतळाला पाच चांदण्या द्या." दिल्या. मग म्हटलं बघू तरी हा बगळा कसा आहे. बघितलं तर खरंच देखणं काम होतं हो, माझा हात राहिना. त्यालाही पाच दिल्या. हे दुसऱ्या दिवशी कळलं आणि आठ दिवस बोलणं बंद. नवव्या दिवशी आमचा बल्ब गेला नव्हता, त्यांचा गेला, म्हणून जमलं.

खरं सांगायचं तर मलाही थोडं जळायला होत होतं. बगळ्यावर नव्हे, कवळीवाल्यांवर. पन्नाशी उलटून गेली तरी ज्याच्या नावाने झोप उडावी असा एकही माणूस मला मिळालेला नाही. मेव्हणा आहे, पण त्याच्यात तेवढा दम नाही.

त्यातच क्लबचं निघालं. या सिम्युलेटरवाल्यांचा एक क्लब आहे. तो दरवर्षी एक कुणाला माहीत नसलेलं विमानतळ निवडतो आणि एका रविवारी तीनशे लोक आपापल्या घरून तिथे विमानं उतरवतात. यंदा आमचं गाव निवडलं. पण अशा वेळी सगळ्यांकडे एकच विमानतळ असावं लागतं. नाहीतर एकाला जे विमान जमिनीवर उभं दिसतं, तेच दुसऱ्याला गुडघाभर मातीत रुतलेलं दिसतं. म्हणजे कवळीवाल्यांचं तरी घ्यायचं किंवा बगळ्याचं. तीन रविवार ठरले: पहिल्याला बगळ्याची चाचणी, दुसऱ्याला यांची, तिसऱ्याला निकाल.

"माझ्या गावात उतरायचं आणि त्याच्या विमानतळावर?" कवळीवाले म्हणाले. "असं झालं तर मी हे सगळं पुसून टाकीन. एक कुंडी ठेवणार नाही."

ते मनापासून बोलत होते. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

पुढचे दोन आठवडे पुढच्या खोलीत कवळ्या साचत गेल्या आणि मागच्या खोलीत हे. बगळ्याला जे जमणार नाही असं काहीतरी घालायचं होतं. काय घालत आहेत ते सांगेनात. शेवटी एका दुपारी मला खुर्चीत बसवलं आणि पडद्यावर विमानतळावरची माणसं दाखवली. हमाल, प्रवासी, हात हलवणारी एक बाई, फाटकाशी वॉचमन. एकूण सव्वीस. छान होती. पण माणसं बगळ्याकडेही होती.

"फरक काय?" मी विचारलं.

"दात," ते म्हणाले.

"कुठे आहेत?"

"तोंडात."

वहिनी दारात शेंगा सोलत उभ्या होत्या. "अहो, पण सगळ्यांची तोंडं तर मिटलेली आहेत."

"असू देत. आत आहेत. वरचे चौदा, खालचे चौदा. प्रत्येक दाढेला उंचवटे आहेत. वॉचमनचा सुळा वाकडा आहे."

"दिसणार कुणाला?"

"मला माहीत आहे ना," कवळीवाले म्हणाले, आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्यांनी गरम चहा प्यायला.

दुसऱ्या रविवारी चाचणी झाली आणि वाट लागली. विमान आमच्या गावाजवळ आलं की अडखळायचं. एक चित्र, थांब, दुसरं चित्र, थांब. जसं काही कुणी मागून ढकलत आणतंय. क्लबचे लोक लिहायला लागले: फार जड आहे, आमचे कॉम्प्युटर गुदमरतात. कवळीवाल्यांना हे आधी कसं कळलं नाही? त्यांचा कॉम्प्युटर इतका जुना की त्याच्यावर सगळंच अडखळतं, साधं पत्र टाइप केलं तरी.

"बगळ्याने काहीतरी केलंय," ते म्हणाले.

बुधवारी बगळ्याचंच पत्र आलं. वहिनींनी मोठ्याने वाचून दाखवलं, कारण यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. बगळ्याने लिहिलं होतं: माझी धावपट्टी सपाट आहे. फोटोत उतार कळत नाही. तुमची कशी आहे ते शिकायला मी तुमचं काम उघडून बघितलं. असा उतार मी कुठल्याही फुकट विमानतळात पाहिलेला नाही. पण माणसांच्या बंद तोंडात मला सातशे अठ्ठावीस दात सापडले. त्यांचं ओझं सगळ्या विमानतळाहून जास्त आहे. तेवढे काढा, दहा मिनिटांचं काम आहे, मग तुमचं माझ्यापेक्षा चांगलं चालेल. आणि हो, माणसाला बत्तीस असतात ना? तुम्ही अठ्ठावीसच का दिलेत?

"कवळीत अक्कलदाढा नसतात," कवळीवाले भिंतीला म्हणाले.

"ते दिसतंच आहे," मी म्हणालो. वहिनींनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

"काढा ना मग," त्या म्हणाल्या. "रविवारला अजून चार दिवस आहेत."

"त्याच्या सांगण्यावरून? एक दाढ काढणार नाही!"

"तो तुमच्या भल्याचंच सांगतोय."

"तेच तर! शत्रूने असं वागायचं असतं का? हरामखोर असता तर बरं झालं असतं. आता माणसाने जळायचं तरी कसं?"

चार दिवस गेले. दहा मिनिटांचं काम होतं, ते झालं नाही. मी गेलो, इस्त्रीवाला गेला, वॉचमन तर ड्यूटी सोडून येऊन बसला आणि म्हणाला, "साहेब, माझे काढले तरी चालतील." नाही म्हणजे नाही. तिसऱ्या रविवारी क्लबने बगळ्याचं विमानतळ घेतलं.

आता हे सगळं पुसून टाकणार, अशी आम्हाला भीती. वहिनी दिवसभर मशीनवर कापड घेऊन त्यांच्या शेजारी बसून राहिल्या, एकही टाका न घालता. संध्याकाळी कवळीवाल्यांनी कॉम्प्युटर लावला, बगळ्याचं सपाट विमानतळ उघडलं आणि बराच वेळ बघत बसले.

"पाणी साचेल," शेवटी म्हणाले.

"कुठे?"

"सगळ्या धावपट्टीवर. सपाट ठेवलंय. खरं असतं तर तळं झालं असतं." मग त्यांनी बगळ्याला पत्र लिहिलं. वहिनींनी मला नंतर दाखवलं, एका ओळीचं होतं: उतार घ्या, साडेसात मीटर, चार रविवार मोजलाय, चूक नाही. खाली सही, आणि सहीच्या खाली पुन्हा एक ओळ: वॉचमन हवा असेल तर तोही घ्या.

तीनशे विमानं उतरायच्या रविवारी मागच्या खोलीत आम्ही सहा जण. वॉचमन इस्त्रीचा गणवेश घालून आलेला. कवळीवाले मागे, कपाटाला टेकून, हाताची घडी घालून. मला इथे काहीही देणंघेणं नाही, असा चेहरा.

विमानं एकामागून एक येऊ लागली. पश्चिमेला टेकायची आणि पूर्वेकडे आपोआप उतारावरून घरंगळायची. लोक लिहीत होते: अरे, ही धावपट्टी खरी आहे! पडद्यावर सुरुवातीला येणाऱ्या पाटीवर बगळ्याने लिहिलं होतं की उतार आणि वॉचमन त्या गावच्या कवळी बनवणाऱ्या गृहस्थांचे, ज्यांनी हे विमानतळ खरोखर मोजलं. वहिनींनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने.

मग फाटक आलं. फाटकापाशी वॉचमन, खुर्चीत. आणि बगळ्याने त्याचं तोंड उघडलं होतं. वॉचमन हसत होता. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात, वरचा डावा सुळा किंचित वाकडा. खोलीतला वॉचमन उठून उभाच राहिला. "मी! तीनशे लोकांत मी!" त्यानेही तोंड उघडलं, आणि पडद्यावर आणि खोलीत एकच हसू.

आम्ही सगळे मागे वळलो. कवळीवाले कपाट सोडून पुढे आले, डोळ्याला भिंग लावलं, पडद्याच्या अगदी जवळ गेले. सुळा बघितला. बाकीचे दात बघितले. मला वाटलं, आता डोळे पुसणार.

"काय मग?" मी म्हणालो. "निवलात का आता? की अजून जळताय?"

कवळीवाल्यांनी भिंग काढलं आणि म्हणाले, "वॉचमन फाटकाच्या डाव्या हाताला बसतो. यानं उजव्या हाताला बसवलाय. तिकडे दुपारचं ऊन येतं. एवढंसुद्धा ज्याला माहीत नाही, त्याचं आठ हजार लोक डाउनलोड करतात!"