घाटात मुद्दाम बंद पाडलेली गाडी

दिवाळी झाली की पाथर्डीकडची आमची गावं ओस पडतात. माणसं ऊसतोडीला जातात आणि जीपाही त्यांच्याबरोबर जातात. त्या वर्षी बायकोला नववा लागला होता, बाळ पायाळू होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की कळा सुरू झाल्या की थेट नगर गाठा. गावात उरलेली धड गाडी आमचीच, आणि तीही नगरच्या वाटेवरच्या करंजी घाटात बंद पडायची.

चढावर इंजिन गेलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेक नीट लागत नाही, मागून ट्रक हॉर्न मारत येतो. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा बायको शेजारी होती. ती पोट धरून बसली. तेव्हापासून माझी झोप उडाली होती.

पाथर्डीत मावसभावाचं गॅरेज आहे. त्यानं कॅमशाफ्टचा सेन्सर नवा टाकून पाहिला होता. इंजिनाचा दांडा कुठवर फिरला हे हा सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. तरी गाडी बंद पडलीच. मग त्यानं सेन्सरच्या तिन्ही वायरी मीटर लावून तपासल्या. पाच व्होल्ट येत होते, बाकीही ठीक.

"दादा, हितं समदं बराबर दाखवतंय. बंद पडंल तवाच कळंल."

"म्हंजी मुद्दाम बंद पाडायची?"

"व्हय. तिथंच, घाटात."

सेन्सरपासून लांब वायर काढून त्यानं मीटर मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो. मी गाडी चालवत होतो. तो मीटरवरची नजर हलवत नव्हता, पण मोकळ्या हातानं त्यानं दार गच्च धरलं होतं. "पाच हायेत... पाच..." डावं वळण आलं. "शून्य," तो म्हणाला, आणि इंजिन गेलं. मागचा ट्रक अगदी घासून निघून गेला.

चाकाला दगड लावून आम्ही बॉनेट उघडलं. वायरींच्या जुडग्यावरून हात फिरवत तो मागं गेला आणि थांबला. तिथं सुकलेलं लिंबू आणि मिरच्या लोखंडी तारेनं आवळून बांधल्या होत्या. चढावर वळताना इंजिन कलायचं आणि तारेचं टोक सेन्सरच्या वायरीत घुसायचं, की पाच व्होल्ट तिथंच इंजिनाच्या लोखंडात उतरायचे. बाहेर बांधलेलं लिंबू गळून पडतं, म्हणून डोहाळजेवणाच्या दिवशी आईनं हे आत बांधलं होतं.

मला राग आला. पण तीही माझ्यासारखीच भ्यालेली होती, दुसरं काय.

घरी सांगितल्यावर ती उंबऱ्याशी बसली. "मीच घात केला आस्ता का रं?"

मी "न्हाई" म्हणालो, पण जरा उशिरा म्हणालो.

लिंबाची तार काढून वायर नवी टाकली. पुढच्याच आठवड्यात भर दुपारी कळा सुरू झाल्या. आई गाडीत बसेना, शेवटी बायकोनंच हात धरून तिला आत ओढलं. ते डावं वळण आलं. गाडी चढून गेली.

दवाखान्यात दोघींना आत नेलं. मी बाहेर स्टिअरिंग धरून बसलो, इंजिन चालूच. चावी फिरवायला हात धजेना. वॉचमननं काच वाजवली. "सायेब, गाडी बंद करा की."

"करतो," मी म्हणालो. "आधी बाळ रडल्याचं कळू द्या."